कासराभर वर आलेला दिवा

आमच्या घरची बरीच मंडळी हा ब्लॉग वाचतात, म्हणून एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. 1988 च्या दिवाळीत आबांनी माझ्याकडून लिहून घेतलेलं ते पोस्टकार्ड मी पेटीत टाकलंच नव्हतं.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमचं गाव वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या पायथ्याचं. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडातून 'वेल्हं' काही जायचं नाही.) आजोळ भोरचं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोरं गावी असायचो तेव्हा भाताची कापणी उरकून झोडणी चाललेली असायची आणि आबा रात्री खळ्यावर राखणीला झोपायचे. त्या वर्षी एका पहाटे ते खळ्यावरून आले, चुलीपुढे बसले आणि म्हणाले, "राजगडाच्या डाव्या अंगाला दिवा लटकतोय. चार दिस झालं बघतोय. तांबडा होतो, हिरवा होतो, मधीच एकाचं दोन व्हत्यात."

त्याच दिवशी भोरहून मामा आले होते. मामा शाळेत शिक्षक. त्यांनी ऐकलं आणि खो खो हसत म्हणाले, "आबा, ती शुक्राची चांदणी हो!"

आबा चिडले. "शुक्राची चांदणी मी काय आज बघतोय व्हय? सत्तर वर्सं बघतोय. ही ती न्हवं."

मग त्यांनी मला पोस्टकार्ड आणायला लावलं. खडकवासल्याला मिलिटरीची मोठी शाळा आहे, म्हणजे एनडीए, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. आभाळात काही वेगळं दिसलं, कुठे आवाज झाला, की 'एनडीएवाल्यांचं असंल' हे ठरलेलं उत्तर. आबांनी सांगितलं, "मिल्ट्रीच्या सायबाला लिही. त्यांचं असंल तर आमचं काय म्हणनं न्हाई. त्यांचं नसंल तर त्यांना ठावं पायजे." मी लिहिलं. आबा सांगत गेले आणि मी टिपत गेलो. संध्याकाळी पोस्टात टाकायला निघालो तर मामा ओट्यावर बसलेले. कार्ड वाचलं आणि पुन्हा हसले. मला इतकी लाज वाटली की मी ते भूगोलाच्या पुस्तकात घालून टाकलं. आबा संक्रांतीपर्यंत पोस्टमनला विचारत होते.

असो. हे सगळं आज आठवायचं कारण असं की गेले काही महिने मी एका वेगळ्याच इतिहासाच्या मागे लागलोय. साध्या माणसाने 'आभाळात काहीतरी पाहिलं' असं कळवलं तर लष्कर नेमकं काय करतं? माझं कार्ड गेलं असतं तर पुढे काय झालं असतं, एवढंच पाहायचं होतं. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की या चौकश्यांचा इतिहास परग्रहवासीयांचा कमी आणि हसणाऱ्यांचा जास्त आहे.

सुरुवात करायची ती 24 जून 1947 पासून. केनेथ अर्नोल्ड हा अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातला बत्तीस वर्षांचा व्यापारी आग विझवण्याची साधनं विकायचा आणि स्वतःचं छोटं विमान चालवायचा. त्या दुपारी तो वॉशिंग्टन राज्यातल्या रेनियर पर्वताजवळ, हरवलेलं एक लष्करी मालवाहू विमान सापडतंय का ते बघत होता (शोधणाऱ्याला बक्षीस होतं). अचानक चमक दिसली आणि पाठोपाठ ओळीने जाणाऱ्या नऊ वस्तू. गडी हुशार. त्याने घड्याळ लावलं. रेनियरपासून अॅडम्स पर्वतापर्यंत जायला त्यांना एक मिनिट बेचाळीस सेकंद लागले. दोन पर्वतांमधलं अंतर माहीत होतं, त्यावरून वेग काढला तो ताशी हजार मैलांच्याही वर. त्या काळी कुठल्याच विमानाने ध्वनीचा वेग ओलांडल्याची नोंद नव्हती.

'उडती तबकडी' हा शब्द तिथून आला आणि तोही गैरसमजातून. पाण्यावर बशी फेकली की ती टप्पे घेत जाते, तशा त्या वस्तू जात होत्या, असं अर्नोल्डचं म्हणणं. वर्तमानपत्रांनी चालीची उपमा आकाराला चिकटवली आणि जगभर लोकांना बश्या दिसू लागल्या!

लष्कराला मंगळावरच्या माणसांची काळजी नव्हती, रशियाची होती. महायुद्ध संपून दोनच वर्षं झालेली, शीतयुद्धाची सुरुवात. शत्रूने नवं विमान बनवलं असेल तर ते आधी कुणाला दिसणार? कुठल्यातरी शेतकऱ्याला, कुठल्यातरी अर्नोल्डला. म्हणून 12 जुलै 1947 ला हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागातले दोन अधिकारी, कॅप्टन डेव्हिडसन आणि लेफ्टनंट ब्राउन, अर्नोल्डला त्याच्या गावी, बॉयसीला, जाऊन भेटले. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. अहवालात त्यांनी जे मत दिलं त्याचा मथितार्थ असा की हा माणूस खोटं बोलत नाही, त्याने जे पाहिलं म्हणून सांगितलं ते त्याला खरोखरच दिसलेलं आहे.

मला या ओळीशी बराच वेळ थांबावं लागलं. त्या वस्तू काय होत्या याबद्दल यात अवाक्षर नाही. 'दिसलं' हे खरं आहे, एवढंच. 'काय दिसलं' हा पुढचा प्रश्न.

या दोघांचं पुढे वाईट झालं. टॅकोमाजवळच्या मॉरी बेटावर तबकडीतून तुकडे पडल्याचा दावा दोन माणसांनी केला होता, त्याच्या चौकशीला ते गेले. तो दावा बनाव होता. तिथून परतताना 1 ऑगस्ट 1947 ला त्यांचं बी-25 विमान कोसळलं आणि दोघेही गेले. एका खोट्या गोष्टीपायी दोन शहाणी माणसं गेली.

पुढच्या जानेवारीत हवाई दलाने 'प्रोजेक्ट साइन' सुरू केला, 1949 मध्ये त्याचा 'ग्रज' झाला आणि 1952 मध्ये 'ब्लू बुक'. 17 डिसेंबर 1969 ला ब्लू बुक बंद करत असल्याचं जाहीर झालं, तेव्हा दप्तरात 12,618 नोंदी होत्या. त्यातल्या 701 सोडून बाकी सगळ्यांना काही ना काही स्पष्टीकरण मिळालं होतं. ग्रह, तारे, उल्का, फुगे, विमानं, ढगांवरचे झोत. त्या न उलगडलेल्यांत एक आपल्या दिल्लीचीही आहे. 15 मार्च 1951 ची सकाळ, फ्लाइंग क्लबची पंचवीसेक माणसं आणि आकाशात सिगारसारखी एक चकचकीत वस्तू. अर्नोल्डच्या प्रकरणावर मात्र हवाई दलाने 'मृगजळ' असा शिक्का मारला.

पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मधल्या काळात घडली. जानेवारी 1953 मध्ये अमेरिकेच्या सीआयएने शास्त्रज्ञांची एक समिती बसवली, रॉबर्टसन समिती. तिला भीती वेगळीच वाटली. उद्या रशियाने खरोखर हल्ला केला आणि त्याच वेळी तबकड्यांच्या हजारो खबरा आल्या, तर खरी खबर त्यात बुडून जाईल. म्हणून तिने सुचवलं की लोकांचा या विषयातला रस कमी करावा, तबकड्यांच्या मागचं गूढ उघडं पाडून दाखवावं. कारण समजण्यासारखं होतं. परिणाम मात्र असा झाला की ऐकून घेण्यापेक्षा उडवून लावणं सोपं झालं.

याची किंमत 1966 मध्ये मोजावी लागली. मिशिगनमध्ये मार्च महिन्यात बऱ्याच लोकांना रात्री दिवे दिसले. हवाई दलाचे सल्लागार होते खगोलशास्त्रज्ञ जे. अॅलन हायनेक. पत्रकार घाई करत होते, हायनेक यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की दोन ठिकाणचे दिवे दलदलीतल्या वायूचे असू शकतील. दुसऱ्या दिवशी देशभर हशा झाला, व्यंगचित्रं आली. ज्यांनी दिवे पाहिले होते त्यांना वाटलं आपल्याला वेडं ठरवलं. तिथले काँग्रेस सदस्य जेरल्ड फोर्ड (हो, तेच, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले) यांनी संसदेत चौकशीची मागणी केली. त्यातूनच पुढे कोलोरॅडो विद्यापीठाचा काँडन अहवाल आला आणि ब्लू बुक बंद झालं. हायनेक स्वतः मात्र पार बदलले. साक्षीदारांचं नीट ऐकलं पाहिजे, असं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

आणि गंमत बघा. 2019 मध्ये अमेरिकेच्या नौदलाला स्वतःच्याच वैमानिकांसाठी नवे नियम करायला घ्यावे लागले. का, तर काही विचित्र दिसलं तरी लोक हसतील म्हणून वैमानिक कळवायचेच नाहीत! म्हणजे सत्तर वर्षांत गाडी फिरून भोरच्या मामांपाशीच आली. :)

आता आपल्याकडे येऊ.

2012 च्या ऑगस्टपासून लडाखमध्ये, पँगाँग सरोवराच्या परिसरात, आपल्या जवानांना चीनच्या बाजूने येणारे पिवळसर दिवे दिसू लागले. क्षितिजावर उगवायचे, काही तास हळूहळू सरकायचे, मग दिसेनासे व्हायचे. ही माणसं काही गंमत म्हणून आकाश बघणारी नव्हेत. समोर चीन, टेहळणीची विमानं असतील ही शंका अगदी रास्त. बातम्यांत आलेले आकडे असे की 2013 च्या फेब्रुवारीपर्यंत 329 वेळा नोंद झाली आणि त्यातल्या 155 वेळा 'वस्तू आपल्या हद्दीत आली' असं लिहिलं गेलं. डोंगरावर फिरतं रडार नेलं, त्यावर काही उमटेना. संदेशलहरी पकडणारं यंत्र नेलं, लहरी नाहीत. एकदा तर टेहळणीचं मानवरहित विमान त्या दिव्याच्या दिशेने वर वर चढवलं, शेवटी त्याची उंची संपली, दिवा होता तिथेच.

शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं गेलं. या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच हानले इथे आहे. त्यांनी केलं ते अगदी साधं. दिवा किती वाजता, कुठल्या दिशेला, क्षितिजापासून किती अंशांवर दिसतो ते रोज नोंदवायचं. विमान असेल तर ते आपल्या मर्जीने येईल. ताऱ्यांबरोबर उगवून ताऱ्यांबरोबरच सरकत असेल, रोज काही मिनिटं लवकर येत असेल, तर ते आकाशातलंच. जुलै 2013 मध्ये उत्तर बाहेर आलं. संध्याकाळनंतरचा दिवा गुरू आणि पहाटेचा शुक्र.

बातमी आली तेव्हा लोक खूप हसले. मीही हसलो होतो. सैन्य गुरूवर विमान पाठवतंय म्हणे! आज मात्र वाटतं की त्या प्रकरणात हसण्यासारखं काही नव्हतं. चौदा हजार फुटांवर हवा विरळ आणि कोरडी, त्यात गुरू-शुक्र आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी झगझगीत दिसतात. काळोखात एकट्या दिव्याकडे टक लावून पाहिलं तर स्थिर दिवाही हलल्यासारखा वाटतो, हा डोळ्यांचा सगळ्यांनाच असलेला स्वभाव आहे. क्षितिजाजवळ हवेच्या जाड थरातून प्रकाश येतो, म्हणून तांबडा-हिरवा लुकलुकतो. आणि दिव्याच्या आगेमागे काही नसेल तर तो एक किलोमीटरवर आहे की कोट्यवधी किलोमीटरवर, हे कुणालाही सांगता येत नाही. जवानांनी पाहिलं ते कळवलं, वरच्यांनी ते फेकून न देता तपासलं, उत्तर मिळालं. चौकशी याहून वेगळी काय असते?

प्रत्येक वेळी उत्तर मिळतंच असं नाही. 19 नोव्हेंबर 2023 ला इम्फाळ विमानतळाजवळ भर दुपारी काहीतरी उडताना दिसलं, विमानं थांबवली गेली, हवाई दलाने शोधायला राफेल पाठवली. हवाई दलाने नंतर एवढंच कळवलं की ती छोटी वस्तू पुढे दिसली नाही. याउलट 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ-खानदेशात हजारो लोकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात साधारण तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. इस्रोची माणसं येऊन ते तपासायला घेऊन गेली. चिनी रॉकेटचा तो अवशेष असावा असं जाणकारांचं मत पडलं. लाडबोरीकरांच्या हातात कडं होतं म्हणून त्यांच्यावर कुणी हसलं नाही. आबांच्या हातात काही नव्हतं.

तर हे सगळं वाचून झाल्यावर एका रात्री मी स्टेलेरियम उघडलं. (फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, कुठल्याही गावाचं कुठल्याही दिवसाचं आकाश दाखवतं.) गाव वेल्हे, तारीख 1988 च्या नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, वेळ पहाटेचे पाच. पूर्वेला, राजगडाच्या डाव्या अंगाला, शुक्र. मामांचं बरोबर होतं.

मग सहज लडाख टाकलं, 2012 चा नोव्हेंबर, आणि चक्रावलोच. आकाश जवळजवळ तेच! शुक्र दर आठ वर्षांनी त्याच तारखांच्या आसपास आपल्या आकाशात त्याच जागी परत येतो, आणि चोवीस वर्षं म्हणजे अशा तीन फेऱ्या. गुरूला एका फेरीला बारा वर्षं लागतात, म्हणजे दोन फेऱ्या. 1988 मध्ये गुरू 23 नोव्हेंबरला सूर्याच्या बरोबर समोर होता, 2012 मध्ये 3 डिसेंबरला. दोन्ही वेळा वृषभ राशीत. पँगाँगच्या जवानांनी जे दोन दिवे पाहिले, तेच दोन दिवे चोवीस वर्षं आधी आमच्या खळ्यावरून दिसत होते.

आणि आता त्या कार्डावर काय होतं ते सांगतो, कारण ते मला पाठ आहे. 'दिवा राजगडाच्या डाव्या अंगाला. कोंबडं आरवायच्या आधी निघतो. तांबडं फुटेस्तोवर तीन कासरे वर येतो. ढगाआड गेला तर पुन्हा तिथेच निघतो. आवाज नाही. सांजेला दुसरा निघतो, तो वेगळा, तो हलत नाही.'

सूर्य कासराभर वर आला असं आपण म्हणतो, तेच हे माप. आबांनी किती मैल, किती मोठा, किती वेग, यातलं काहीच सांगितलं नव्हतं. अर्नोल्ड फसला तो नेमका अंतरात. वस्तू किती दूर आहेत हे त्याने गृहीत धरलं आणि वेगाचं सगळं गणित त्यावर उभं राहिलं. आबांनी फक्त दिशा, वेळ आणि उंची सांगितली, जी डोळ्याला खरोखर कळते. हानलेच्या शास्त्रज्ञांनी जे मोजलं तेच. संध्याकाळचा दिवा वेगळा, हेही त्यांनी सांगितलं होतं. या कार्डावरून कुणीही पाच मिनिटांत उत्तर दिलं असतं.

मग प्रश्न उरतो तो हा, की सत्तर वर्षं शुक्र पाहिलेल्या माणसाला त्या वर्षी तो ओळखू का आला नाही?

घरच्या मंडळींना उत्तर माहीत आहे, फक्त या दोन गोष्टी आपण कधी जोडल्या नाहीत. 1990 मध्ये आबा ओढ्याच्या काठावरून पडले, भोरला डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा कळलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. मोतीबिंदू वाढायला लागला की दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, किरणं फुटतात, कधी एकाच डोळ्याला एकाचे दोन दिसतात. 'मधीच एकाचं दोन व्हत्यात.' आबा बरोबर तेच सांगत होते. आकाशात नवीन काहीच नव्हतं, पण त्यांना नवीन काहीतरी दिसत होतं आणि ते शंभर टक्के खरं होतं.

मामांनी उत्तर दिलं ते अचूक होतं. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता, 'आबा, कंदिलाचेही दोन दिसतात का?' दोन वर्षं आधी कळलं असतं. मामांना दोष देत नाही. कार्ड भूगोलाच्या पुस्तकात मी घातलं होतं, त्यांनी नाही. मामा हे वाचतील तेव्हा हसतील, आणि मला ते हसणं चालेल.

पुण्यातली आकाशवेडी मंडळी आता अमावास्येला तोरण्याकडे रात्र काढायला येतात, कारण तिथे अजून थोडाफार काळोख शिल्लक आहे. मध्यंतरी गावी गेलो होतो तेव्हा चुलतभावाचा मुलगा धावत आला, "काका, आभाळात दिव्यांची माळ चाललीय!" ते स्टारलिंकचे उपग्रह असणार हे मला लगेच कळलं. सांगायला तोंड उघडलंही होतं. मग त्याला म्हटलं, वही आण. किती वाजले, कुठून कुठे गेली, किती दिवे होते, किती वर होती, लिही. त्याने हात लांब करून मुठीने मोजून लिहिलं. (ताणलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण दहा अंश.) ते झाल्यावर मग आम्ही दोघांनी मिळून शोधलं.

तुमच्याही घरात असा कुणी असेल ज्याने कधीतरी काहीतरी पाहिलं आणि सगळे हसले. त्यांना विचारा आणि जमलं तर इथे लिहून कळवा. उत्तर मिळेल न मिळेल, आधी नीट ऐकून घेऊ.